गाड्या नसलेला घाट

ताईंनी माझी ग्रॅव्हल सायकल आधी नुसती न्याहाळली. मग टायर अंगठ्यानं दाबला, वाकडं हँडल हलवून पाहिलं आणि विचारलं, "ग्रॅव्हल म्हणजे आपला मुरूमच ना गं? मग त्याला वेगळी सायकल कशाला?"

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. नाशिकला असतात, बँकेत आहेत, आणि साध्या सायकलवरून पंढरपूरला जाऊन आलेल्या आहेत. जूनमध्ये त्या महिनाभर आमच्याकडे म्युनिकला आल्या होत्या. मी इथे बारा वर्षं असले तरी सायकल घेऊन डोंगरात शिरायला लागून जेमतेम तीन वर्षं झालीत, त्यामुळे त्यांच्यासमोर ज्ञान पाजळायला मी जरा चाचरलेच. खरं उत्तर असं की मुरमाला वेगळी सायकल लागत नाही. पण दिवसभर मुरमावरच राहायचं असेल, आणि तेही आल्प्सच्या चढ-उतारावर, तर रुंद टायर, डिस्क ब्रेक आणि दमल्यावरही फिरवता येईल असा हलका गियर बरा पडतो. बाकी सगळी जाहिरात.

मी या नादाला लागले ते मात्र हौसेनं नाही, भीतीनं. एका तळ्याकाठच्या डांबरी रस्त्यावर मागून आलेल्या गाडीचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. पडले नाही, खरचटलंही नाही. पण त्यानंतर मागून इंजिनाचा आवाज आला की खांदे आपोआप कानाला भिडायचे. आल्प्समधले नावाजलेले घाट, स्टेल्व्हिओ किंवा ग्रोसग्लॉकनर, फोटोत कसे रिकामे दिसतात! ते फोटो पहाटेचे असतात. शनिवारी दुपारी तिथे मोटारसायकलींची अशी रांग असते की आपला खंबाटकी बरा वाटावा. तेव्हा ठरवलं, गाड्या नसतील तिथेच जायचं.

ठरवणं सोपं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात ॲपला सांगितलं, डांबर नको, गाड्या नकोत. त्यानं मला ऑस्ट्रियात, टिरोलमधल्या एका सुंदर जंगलरस्त्यावर नेऊन सोडलं. सुरुवातीला आडवा दांडा होता, शेजारी लाल कडेची गोल पाटी. मला वाटलं, हे गाड्यांसाठी असणार, म्हणजे आपलं काम झालंच! चार किलोमीटर चढून गेल्यावर समोरून जीपमधून एक गृहस्थ आले. त्यांनी टोपी काढून नमस्कार केला आणि तितक्याच सभ्यपणे मला परत पाठवलं. ऑस्ट्रियात १९७५ च्या वनकायद्यानुसार जंगलात पायी हिंडायला सगळ्यांना मुभा आहे, पण जंगलरस्त्यावर सायकल चालवायची तर रस्त्याच्या मालकाची संमती लागते. ज्या वाटा करार करून खुल्या केल्यात, तेवढ्याच आपल्या. सीमेच्या अलीकडे, जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, निसर्गात हिंडण्याचा हक्क थेट राज्यघटनेत लिहिलेला आहे आणि सायकलीला योग्य असलेल्या वाटांवर सायकल चालते. डोंगर एकच, अलीकडच्या उताराला एक न्याय, पलीकडच्याला दुसरा. ॲपला हे कळत नाही. पाटी आपल्यालाच वाचावी लागते.

त्यानंतर मी नकाशे वाचायला शिकले. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर कच्च्या रस्त्यांना एक ते पाच अशी प्रतवारी दिलेली असते. एक म्हणजे ठोकून घट्ट केलेला, पाच म्हणजे गवतातून गेलेली चाकोरी. तीनपर्यंत माझी सायकल हसत जाते, चारला मी तोंड वाकडं करते, पाचला उतरून ढकलते. पण प्रतवारीपेक्षाही मला जास्त उपयोगी पडला तो एक प्रश्न: हा रस्ता कुणी आणि कशासाठी केला? सायकलस्वारांसाठी डोंगर कुणी फोडत नाही. या वाटा दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी झाल्या आणि ते काम वाटेच्या अंगात उतरलेलं असतं. लाकूडतोडीचा रस्ता असेल तर वळणं मोठी, कारण ओंडक्यांचा ट्रक फिरायला हवा. पण तो जंगलात मध्येच संपतो, कारण त्याला कुठे पोचायचंच नसतं. उन्हाळी कुरणाकडे जाणारी वाट सरळ अंगावर येते, कारण गुरांना चढाची तक्रार नसते. रेल्वेची वाट असेल तर चढ जाणवतसुद्धा नाही. आणि लष्करी रस्ता असेल तर नागमोडी, एकसारख्या चढाचा, कारण त्यावरून खेचरांना तोफा ओढायच्या होत्या.

ताईंसाठी मी रेल्वे आणि लष्कर दोन्ही एकत्र असलेली जागा निवडली. इटलीच्या उत्तर टोकाला, डोलोमाइट्समधलं टोब्लाख. तिथे प्रत्येक गावाला दोन नावं आहेत, एक जर्मन, एक इटालियन: टोब्लाख आणि दोब्बियाको. दोन्ही पाटीवर शेजारी शेजारी लिहितात. बेळगावकडच्या मंडळींनी इथे एक उसासा टाकून पुढे वाचावं.

म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून खाली फ्रान्झेन्सफेस्टेपर्यंत एक गाडी, तिथून पुस्टर खोऱ्यातली दुसरी. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलचं वेगळं आरक्षण लागतं आणि जागा थोड्या असतात. मला दोन मिळेनात, एकच मिळाली. त्यामुळे ताईंसाठी सायकल तिथेच भाड्यानं घ्यायची ठरली. दुकानदारानं त्यांच्या वयाकडे बघून बॅटरीची सायकल पुढे केली. ताईंनी मराठीत "नको रे बाबा" म्हणून ती बाजूला सारली आणि साधी, जाड टायरची डोंगरी सायकल उचलली. आम्ही दोघींनीही सीटची उंची पाहिली, हवा पाहिली, घंटी वाजवून पाहिली. ब्रेकचे पॅड कुणीच पाहिले नाहीत. हे लक्षात असू द्या.

टोब्लाख साधारण १,२०० मीटरवर, एका सपाट खिंडीत वसलंय. तिथेच ड्राउ नदी उगम पावते, ती पूर्वेला जाऊन डॅन्यूबला मिळते आणि तिचं पाणी अखेर काळ्या समुद्रात जातं. गावाच्या पश्चिमेची रिएन्झ मात्र फिरत फिरत अदिजेला आणि तिथून एड्रियाटिकला. मी हे सांगितल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे महाबळेश्वरच. कृष्णा तिकडे, सावित्री इकडे." मग त्या पाणी नेमकं कुठे वेगळं होतं ते शोधत राहिल्या. धार नाही, कडा नाही. नुसतं वाळत घातलेल्या गवताचं शेत.

पहिल्या दिवशी जुन्या रेल्वेची वाट धरली. टोब्लाखहून कोर्तिनाला जाणारी ही अरुंद रूळांची रेल्वे पहिल्या महायुद्धातल्या लष्करी मार्गांतून जन्माला आली. इटालियन सैन्य दक्षिणेकडून रूळ टाकत होतं, ऑस्ट्रियाचं उत्तरेकडून. युद्ध संपल्यावर दोन्ही टोकं जोडून १९२१ मध्ये ती प्रवाशांसाठी सुरू झाली, पुढे विजेवर आली, १९५६ च्या कोर्तिनातल्या हिवाळी ऑलिंपिकला तिनं गर्दी वाहिली, आणि मग आठ वर्षांच्या आत बंद पडली. मोटारी आल्या होत्या ना. ज्या मोटारींनी रेल्वे संपवली, त्यांच्यापासून पळून आलेल्या आम्ही त्याच रेल्वेच्या वाटेवर. ताईंना माथेरानची गाडी आठवली आणि त्यांनी मनातल्या मनात तिथले रूळ काढून सायकली घातल्यासुद्धा. मी म्हटलं, "ताई, पाप लागेल."

वाट पांढऱ्या, दाबलेल्या खडीची. चिमाबांके या १,५३० मीटरच्या खिंडीपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटरांत जेमतेम तीनशे मीटर चढ. टोब्लाखचं तळं मागे पडतं, मग जंगलाच्या कडेला युद्धात पडलेल्या सैनिकांची दफनभूमी लागते, लाकडी क्रूसांच्या रांगाच रांगा. तिथे ताई सायकलवरून उतरल्या आणि क्रूसांवरची नावं वाचू लागल्या. त्या सैन्यात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातली सगळी माणसं होती, त्यामुळे नावं हंगेरियन, चेक, बोस्नियन अशी सरमिसळ. पुढे खोरं डावीकडे अचानक उघडतं आणि तीन शिखरं एका रांगेत उभी दिसतात, ती ड्राय झिनन. सगळ्यात उंच २,९९९ मीटर. एक मीटर कमी पडला म्हणून ताई हळहळल्या.

मला मात्र पायाखालच्या खडीचं अप्रूप जास्त. इथला खडक डोलोमाइट, चुनखडीचा मॅग्नेशियमवाला भाऊबंद. डिओदा द दोलोमिअ या फ्रेंच भूशास्त्रज्ञाच्या नावावरून खडकाला नाव पडलं आणि खडकावरून डोंगररांगेला. सायकलवाल्यांच्या दृष्टीनं त्याचा गुण हा की पाणी चटकन मुरतं. रात्री पाऊस झाला तरी सकाळी वाट चालण्याजोगी. सह्याद्रीतल्या लाल मातीत पावसाळ्यात सायकल घातली तर चाक आणि चिमटा यांच्यात पेंड बसते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. इथे त्याऐवजी टायर कापतील असे अणकुचीदार खडे. मी पहिल्या वर्षी चार बार दाबाची हवा भरून आले होते, दात खिळखिळे झाले. आता ४५ मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरात अडीचच्या खालीच ठेवते. हवा कमी केली की पंक्चर होईल ही आपली जुनी समजूत ट्यूब असेल तर खरी आहे, कारण दगडावर आपटून ट्यूब चिमटते. ट्यूबच नसेल तर चिमटणार काय?

खिंडीनंतर उतार, बोगदे, फेलिझोनच्या घळीवरचा पूल. बोगद्यात जूनमध्येही माठातल्यासारखा गारवा. ताई आत थांबून "ओ" म्हणून ओरडून बघत होत्या, समोरून येणारं इटालियन कुटुंबही ओरडायला लागलं. कोर्तिना गाव श्रीमंतांचं, गाड्यांनी गच्च, तिथे कॉफी घेऊन आम्ही उलट्या पावली फिरलो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या वाटेवर गाड्या नाहीत, पण गाड्यांचा आवाज आहे. मोठा रस्ता बराच वेळ शेजारून जातो आणि मोटारसायकलींची गुरगुर झाडांतून येत राहते. अंगावर कुणी येत नाही एवढं सुख. शांतता हवी असेल तर वर चढावं लागतं.

वर चढायचा दिवस दुसरा. श्लुडरबाखहून प्लेट्झवीज या पठाराकडे जुना लष्करी रस्ता जातो, सुमारे साडेपाचशे मीटर चढ. जंगलातून नागमोडी, खडीचा, गाड्यांना बंद. नियम असा की सकाळी सातला निघायचं, कारण आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर ढग फुगतात आणि गडगडाट होतो. ताईंनी सहाला उठून पोहे केले. पोहे उत्तम झाले. मग चहा, मग डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, मग नाशिकला फोन. निघालो साडेनऊला.

सुरुवातीला सगळं झकास. जिथे चढ तीव्र आणि खडी सुटी, तिथे उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागेवरच फिरतं. वजन मागच्या चाकावर हवं, म्हणून बसूनच, कोपर वाकवून, सगळ्यात हलक्या गियरवर मारायचं, नजर चाकासमोर नाही तर पाच-सात मीटर पुढे. मी हे ताईंना समजावून सांगत होते तोवर त्या पुढच्या वळणावर पोचल्या होत्या. "सीबीएसचा घाट थोडाच आहे," वरून आवाज आला. सीबीएस म्हणजे नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक; तिथे घाट नाही, पण त्यांना काय म्हणायचंय ते कळलं: तिथली रिक्षा, बस आणि उलट्या दिशेनं येणारा दूधवाला सांभाळत चालवण्यापुढे हे काहीच नाही.

वाटेत विजेच्या तारेचं फाटक लागलं. हँडल पिवळ्या प्लास्टिकचं, ते उचलून आत जायचं आणि परत अडकवायचं. विसरलात तर कुणाच्या तरी गाई खाली हायवेवर. या कुरणांना आल्म म्हणतात. उन्हाळ्यात गुरं वर, सप्टेंबरात परत खाली. आपले धनगर आडवे चालतात, घाटमाथ्यावरून कोकणाकडे आणि परत. यांचं स्थलांतर उभं. गाई रस्त्यातच बसल्या होत्या, गळ्यात पितळी घंटा. मी थांबून वळसा घालायची जागा शोधत होते. ताईंनी जिभेनं टक्-टक् केलं, "हो बाजूला गं" म्हणाल्या, आणि गाय खरोखर उठली. गाईला मराठी कळलं की टक्-टक्, हा वाद अजून मिटलेला नाही.

माथ्याजवळ येईपर्यंत साडेबारा झाले. २,०४० मीटरवर ड्यूरनस्टाइनहुट्टे ही पांथशाळा आणि तिच्या शेजारी ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १९ व्या शतकात बांधलेल्या किल्ल्याचे पडके अवशेष. किल्ला म्हटल्यावर ताईंना बुरूज, दरवाजा हवा होता. हा नुसता ठोकळा, खिडक्यांच्या जागी भोकं. "शिवनेरीवर एक फेरी मारायला हवी यांनी," एवढा अभिप्राय देऊन त्या जेवायला बसल्या. श्लुट्सक्राप्फन मागवले, पालक आणि चीज भरलेल्या अर्धचंद्राच्या करंज्या, उकडून वर लोणी सोडलेल्या. शाकाहारी माणसाला या डोंगरांत उपास घडत नाही, फक्त डुकराचं मांस नाही ना हे दोनदा विचारून घ्यायचं.

क्रिस्टालो डोंगराच्या मागून ढग आला तो करंज्या संपायच्या आत. आधी वारा थांबला. मग घंटांचा आवाज एकदम जवळून यायला लागला, गाई घराकडे वळल्या होत्या. आम्ही पांथशाळेच्या पडवीत उभ्या राहिलो आणि पाऊण तास गारा, विजा, सगळं बघितलं. सातला निघालो असतो तर एव्हाना खाली गावात आइस्क्रीम खात असतो, हे मी बोलले नाही. ताईच म्हणाल्या, "पोह्यांमुळे झालं." मी म्हटलं, "फोनमुळे."

उतार ब्रुकेले गावाच्या बाजूनं. हा रस्ता डांबरी, पण उन्हाळ्यात दिवसाच्या ठरावीक तासांत खासगी गाड्यांना बंद असतो, फक्त बस चालते. म्हणूनच तो मी योजनेत घेतला होता. ओल्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला ताईंच्या मागच्या चाकातून असा आवाज आला की पाठीत कळ गेली. पत्र्यावर सुरी घासावी तसा. थांबून पाहिलं, मागचा पॅड संपून नुसता धातू डिस्कवर घासत होता. पुढचा अर्धामुर्धा शिल्लक. बारीक खड्यांचा चिखल ओल्या पॅडला किती लवकर खातो हे मला माहीत होतं, सायकल घेताना दुकानात ते आठवायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम, चाकाच्या वरून डोकावून जाडी बघायची.

"आमच्या गल्लीत असतो तर दहा मिनिटांत बदलून घेतले असते," ताई म्हणाल्या. त्या घाबरल्या नव्हत्या, दुकानदारावर वैतागल्या होत्या. मी स्वतःवर. बसमध्ये सायकली घ्यायला ड्रायव्हरनं नकार दिला. मग तीव्र उतारावर दोघींनी पायी, सायकली हातात धरून, आणि जिथे रस्ता सपाट झाला तिथे ताई नुसत्या पुढच्या ब्रेकवर, चालायच्या वेगानं. गाड्या नसलेल्या रस्त्याची खरी किंमत मला त्या उतारावर कळली. दोन बायका रस्त्याच्या मधोमध, बोटं गारठलेली, बूट पचपचीत, आणि तासभर कुणी हॉर्न वाजवला नाही. ताईंनी जाता जाता सासूबाईंचे, म्हणजे त्यांच्या आईचे, असे काही किस्से सांगितले जे मी लग्नाला अठरा वर्षं होऊनही ऐकले नव्हते. ते इथे लिहिणार नाही.

प्राग्सच्या खोऱ्यातून नीडरडोर्फ आणि तिथून सायकलमार्गानं टोब्लाख. दुकानदारानं सायकल बदलून दिली, दिलगिरीचा एक शब्द न काढता.

तिसरा दिवस सोपा. टोब्लाखहून ड्राउच्या काठानं लिएन्झपर्यंत, पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर, जवळपास सगळा उतार, मध्येच सीमा ओलांडून ऑस्ट्रिया. बराचसा डांबरी, मुलाबाळांसकट कुटुंबं, वाटेत वेफर बिस्किटांचा कारखाना. चांगला आहे, पण जत्रा आहे.

लिएन्झहून परतीच्या गाडीत सायकली टांगून आम्ही बसलो. ताईंनी माझा फोन मागितला. नकाशा सरकवत सरकवत आल्प्स, भूमध्य, अरबस्तान ओलांडून नाशिकवर आणला. गंगापूर धरण मोठं केलं. धरणातून निघालेला कालवा निळा, आणि त्याच्या कडेनं तुटक रेघ.

"ही बघ. पाटबंधारेवाल्यांची जीप जायला केलेली कॅनॉलकडेची वाट. चढ असणारच नाही, पाण्याला कुठे चढ चढता येतो?" त्यांनी चष्मा वर केला. "हिची प्रतवारी किती दाखवतंय गं?"

मी बोट ठेवून पाहिलं. कुणी भरलीच नव्हती.

"मग मी गेले की भरते," ताई म्हणाल्या. "पासवर्ड वगैरे काय लागतं ते आत्ताच लिहून दे."